लॅव्हेंडरच्या खोलीतल्या मिरच्या

९ एप्रिल

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कधी गरम होतं, किती वेळ होतं, लिहून ठेवा. पुढच्या खेपेला बघू." पुढची खेप दोन महिन्यांनी. म्हणजे दोन महिने माझ्या घामाची बखर मीच लिहायची. बाकी त्यांनी दिलं काय, तर कॅल्शियमच्या गोळ्या आणि "वयाचं आहे हो" हे वाक्य. वयाचं आहे हे मला ठाऊक होतं. एक्कावन्न वर्षं मी त्याच्याबरोबरच राहतेय.

तर लिहिते. वहीसाठी नववी 'ब'ची जुनी हजेरीवही घेतली आहे, कोरी पानं बरीच उरली होती.

सकाळी सहा, चहा गाळताना: झळ. तिसऱ्या तासाला उजळणी घेताना: झळ. कर्मणी प्रयोग फळ्यावर अर्धा, मी खिडकीबाहेर अर्धी. पहिल्या बाकावरची उन्नती म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्यावर रागावलात का?" नाही गं बाळा, रागावले असते तर तुला कळलं असतं, मी नुसती पेटलेय. संध्याकाळी चर्चमध्ये, नेमकी शांततेच्या प्रार्थनेला: झळ. मी मिस्सेच्या प्रार्थनापुस्तकाने वारा घेत होते. फादर बघत होते.

१२ एप्रिल

आज जगबुडी. मटिल्डाने मसाला माझ्या हाती दिला.

पुढेमागे मलाच ही वही परकी वाटेल म्हणून नीट लिहून ठेवते. पाचूबंदरात आमची दोन घरं आणि मधली भिंत एक. पलीकडे सेबेस्टियनचा मोठा भाऊ गॉडफ्रे आणि त्याची बायको मटिल्डा, अलीकडे आम्ही. चुली वेगळ्या, पण वर्षाचा मसाला एकच. सासूबाई होत्या तोवर त्या भाजायच्या. त्या गेल्यावर दोन वर्षं मटिल्डा. मी मिरच्यांची देठं मोडते. चोवीस वर्षं देठंच मोडतेय. कारण मी वाडीतली, केळी-भाजीवाल्यांची लेक, कोळ्यांच्या मसाल्यातलं मला काय कळणार! पदव्युत्तर शिक्षण, बी.एड., आणि हातात देठ.

आणि आज ही बाई ओट्यावर उभी राहून म्हणते, "या वरसाला भाजायला तूच बस गो, मास्तरीन."

"मी?"

"मंग कोन, पोप? ब्रायनचं लगीन छब्बीस मेला. मला धा कामं. चौदा किलो मिरच्या आनल्यात. लग्नाचं जेवन याच मसाल्यावर करायचं हाय, ध्येनात ठेव."

जिने दोन वर्षं उलथनं कुणाला हातात धरू दिलं नाही, ती पोटच्या मुलाच्या लग्नाचा मसाला माझ्यावर सोपवते? काहीतरी डाव आहे. मसाला बिघडावा, चारशे पाहुण्यांनी नाकं मुरडावीत, आणि हिने पुढची तीस वर्षं सांगावं की बघा, मी दिलं होतं हिच्या हातात. ठीक आहे. असा भाजेन की तीच मागायला येईल.

बोलता बोलता झळ. मटिल्डा माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला काय कळणार? तिचं सगळं सहा वर्षांपूर्वी एका महिन्यात संपलं, "नल बंद केल्यासारकं", असं तीच सांगते. आमच्या नळाचा वायसर गेलाय.

१५ एप्रिल

शाळेतून परस्पर एव्हरशाईन सिटीला, प्रीतलकडे. प्रीतल आमच्याकडे भूगोल शिकवायची. नोकरी सोडून आता बायकांना तेलांचे वास देते. त्याला अरोमाथेरपी म्हणायचं. घरात शिरले तर दिवाणखान्यात जमिनीवर गाद्या, कोपऱ्यात पांढरं मोदकासारखं भांडं वाफ सोडतंय, आणि चार बायका डोळे मिटून बसल्यात. एकीला तर चक्क झोप लागली होती. मला तिचा इतका हेवा वाटला की तिथेच परत फिरावंसं वाटलं.

"रोझलीन मॅडम, बॉडी आपल्याशी बोलत असते. आपण ऐकत नाही."

"माझी बोलत नाही गं, ओरडते."

"मग तिला शांत करू या ना. मी सांगते, गॅरंटी कोणाचीच नाही देत. पण मला फरक पडलाय. आणि तेल डायरेक्ट स्किनवर नाही हां, खोबरेलमध्ये मिसळून."

तिचं हे मला आवडलं. गॅरंटी नाही म्हणणारी माणसं हल्ली कमी. चार बाटल्या दिल्या, एकेक करंगळीएवढी. लॅव्हेंडर झोपेसाठी. क्लॅरी सेज झळांसाठी. ते काय असतं विचारलं तर म्हणाली फूल. कसलं? परदेशी. जिरॅनियम रागासाठी. पेपरमिंट मानेच्या मागे, गारव्यासाठी. आणि एक मोदक. रागाची बाटली सर्वांत लहान दिली आहे. अंदाज चुकला तिचा.

१८ एप्रिल

दोन रात्री मोदक लावला. पहिल्या रात्री काही नाही. काल सलग चार तास झोपले! तेलाने की परीक्षेचे नव्वद पेपर तपासून, देव जाणे. पण मी श्रेय तेलाला देणार आहे. पेपर तपासून आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

सेबेस्टियन सकाळी म्हणाला, "खोलीत कसला वास हाय?"

"औषधाचा."

"बरा हाय," तो म्हणाला आणि चहा घेऊन ओट्यावर गेला. हा माणूस बंदरावर मासळीचा लिलाव पुकारतो तेव्हा अर्नाळ्याला ऐकू जातं. घरात एका वाक्यात दोन शब्द. गेल्या महिन्यात मी त्याच्या दिशेने कालथा भिरकावला, तेव्हापासून तर एकच. कालथा लागला नव्हता. उगाच मनाला लावून घेतलं.

२३ एप्रिल

सुट्टी लागली. मिरच्या गच्चीवर पसरल्या. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, तीन तऱ्हांचे तीन लाल चौकोन. शेजारच्या गच्चीवर बोंबील वाळतायत.

मटिल्डा वर आली, हात कमरेवर. "हवा फिरली तं बोंबलाचा वास यील. मिरची शेजाऱ्याचा वास पिते, ठाव हाय ना?"

"ठाऊक आहे, वहिनी."

"संध्याकालची गच्चीवर ठेवू नको. खारं वारं लागलं का मऊ पडते. कोरड्या खोलीत ठेव. आनि बोंबलापास्नं लांब. अक्का मसाला नासंल."

"चोवीस वर्षं ऐकतेय."

"ऐकतेस, पन करशील तवा खरं."

बघा! मी शाळेत मुलांनाही इतकं हिणवत नाही. आणि तोंडाला फडकं बांधून वर ऊन लागतं म्हणून निघूनही गेली, पाच मिनिटांत. अंगावरचं पोलकं पाठीला चिकटलं होतं. जिना चढवत नाही हिला आता.

आमच्या घरात कोरडी खोली एकच, आमची झोपायची. यंदा माझ्यापायी तिथे एसी बसवला. शिवाय बोंबलाच्या कोठीपासून सर्वांत लांब. तिन्ही पोती पलंगाच्या पायथ्याशी ओळीने लावली. दार घट्ट बंद. मोदक सुरू. बोंबलाचा एक कण आत येईल तर शपथ.

२५ एप्रिल

मटिल्डा रोज संध्याकाळी सातला येते. "मिरची बघाया आले." थेट झोपायच्या खोलीत, दार लावून घेते, पाऊण तास. मिरची बघायला पाऊण तास? शाळेत शिक्षणाधिकारी येतात तेही वीस मिनिटांत चहा पिऊन जातात. आज मी अचानक दार उघडलं तर बाई पलंगावर बसून मोदकावर वाकलेली, डोळे मिटून, वाफ तोंडावर घेत.

"काय करताय?"

"डोकं धरलंय." मग उठून पोत्यात हात घालून एक मिरची मोडली, उगाच. "वालली."

पुरावे गोळा करतेय. उद्या गावभर सांगेल की मास्तरणीने लग्नाचा मसाला सोडला आणि मडमेसारखी फुलांची वाफ घेत बसली.

"ह्या कंच्या बाटलीनं काय व्हतं?" जाताना विचारलं.

"ही झळांसाठी. तुम्हाला काय उपयोग?"

"मला काय उपेग!" ती म्हणाली आणि गेली.

२९ एप्रिल

क्लॅरी सेज संपत आलं. मी मोजून तीन थेंब टाकते. दोन आठवड्यांत बाटली अर्ध्याखाली? प्रीतलला फोन करून विचारलं, बाटल्या पूर्ण भरून देतेस की नाही? बिचारी दुखावली. "मॅडम, सील तुम्हीच उघडलं ना." मग मी सेबेस्टियनवर गेले. डासांसाठी लावतोस का? तो म्हणाला, "नाय." नंतर बऱ्याच वेळाने, स्वतःहून, म्हणजे ऐतिहासिकच: "वयनीच्या घरात पन तोच वास येतो. भिंतीतनं जातो काय?"

जात असेल. भिंत जुनी आहे, पोपडे धरलेत. मी मात्र आता त्या खोलीत शिरले की मला काहीच वास येत नाही. प्रीतल म्हणते सवय होते. म्हणजे जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिलाच वास नाही आणि शेजाऱ्यांना फुकट. झळांचं म्हणाल तर दिवसाला सात होत्या, आता सहा. सहावी आणि सातवीत काय फरक असतो ते ज्याला समजेल त्याने मला सांगावं.

२ मे

भाजलं. लिहायला बोटं वळत नाहीत, पण आज लिहायचंच.

पहाटेपासून परसात चूल. धणे वेगळे, खसखस वेगळी, लवंग-दालचिनी वेगळी, दगडफुलाला नुसता चटका, मिरची शेवटी, थोड्या तेलावर, मंद. दोन्ही मनगटांना क्लॅरी सेज, मानेला पेपरमिंट. चुलीसमोर बसले आणि अकरा वाजता अशी झळ आली की चूल बाहेर आहे की आत तेच कळेना. ऊन वरून, जाळ समोरून, आणि तिसरी शेगडी माझी स्वतःची. मी उलथनं सोडलं नाही. रडले थोडी, पण परतत राहिले. मिरचीच्या धुराचं एक बरं असतं, रडणाऱ्याला कारण विचारत नाहीत.

मटिल्डा दोनदा आली, परसाच्या दारात थांबली, पुढे पाऊल नाही. "रंग बरा हाय," इतकंच. चुलीजवळ यायला काय झालं होतं? साडी धुराने खराब होईल म्हणून?

दुपारी सदानंदच्या डंकावर. आमच्या आळीचं सगळं तोच कुटतो. मिरच्या ओतताना त्याने नाक वर केलं, माझ्याकडे पाहिलं आणि डंक सुरू केला. माणूस कधी बोलून दाखवत नाही, पण त्यालाही दिसलं असणार काम कसं झालंय ते.

६ मे

परवा पहिली आमटी केली, नव्या मसाल्याची, पापलेटची. सेबेस्टियन जेवला. तीन तांबे पाणी प्यायला.

"कसं झालंय?"

"बरं."

"नुसतं बरं?"

त्याने कालथा कुठे आहे ते आधी पाहिलं. "येगलं हाय."

वेगळं! चोवीस वर्षांत या घरात मी केलेलं काहीतरी वेगळं आहे. मी दोन दिवस तरंगतेय. तो हल्ली दुपारचा बंदरावरच जेवतो, लग्नाची धावपळ आहे. मांजर तेवढी पानाला तोंड लावत नाही. तिला पापलेट कधी आवडलं म्हणा.

११ मे

सदानंदचा फोन आला.

"बाई, राग मानू नका. तुमचा मसाला कुटल्यावर मी नाळे गावच्या एका बाईंचा कुटला. त्या परत आल्यात. म्हनतात आमच्या मसाल्याला पावडरचा वास येतो."

"कसली पावडर?"

"तोंडाला लावायची. मी डंक दोनदा तांदूळ घालून धुवून काढला. वास तुमच्या मिरचीत होता, बाई. त्याच दिवशी आला होता मला. मला वाटलं, तुमच्यात लग्नाला असा करत असतील."

लग्नाला असा करत असतील!

मी बरणी उघडली. हुंगली. काही नाही. परत हुंगली. काही नाही. गल्लीतून जाणाऱ्या पाववाल्याला थांबवून हुंगायला लावली. तो म्हणाला, "आंटी, अगरबत्ती है क्या?"

दहा दिवस ती पोती त्या खोलीत. बोंबलापासून लांब, दार बंद, आणि उशाशी मोदक चालू. मी त्यांना अत्तराच्या कारखान्यात झोपवलं होतं. मिरची शेजाऱ्याचा वास पिते. शेजारी मी होते.

लग्नाला पंधरा दिवस. चारशे माणसं आणि लॅव्हेंडरचं मटण.

१२ मे, रविवार

मिस्सेनंतर मटिल्डाला सांगितलं. सगळं. उभं राहून, विद्यार्थ्यासारखं. गॉडफ्रे, सेबेस्टियन दोघंही होते. मी तयारीनिशी गेले होते; ती जे म्हणेल त्याला उत्तर काढून ठेवलं होतं.

मटिल्डाने बरणीत नाक घातलं. बराच वेळ. मग म्हणाली, "मला तं काय वास येत नाय."

"काय?"

"बरा तं हाय."

गॉडफ्रेने बरणी ओढून घेतली आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. "अगो, अंगाचा साबू हाय हा! नाक गेलं काय तुजं?"

मी समजले. ती मला वाचवत नव्हती. तिला हा मसाला लग्नात वाढायचाच होता, सगळ्यांसमोर. इतका कावा! मी म्हटलं तसं तोंडावर. ती लालबुंद झाली, कपाळावरून घाम निथळायला लागला, पदराने गळा पुसला. दोषी माणसाचा घाम ओळखू येतो.

गॉडफ्रे म्हणाला, "बाजारात मिलतो तो आनू. कोनाला कलनार?"

यावर मात्र मटिल्डा फिरली. "माझ्या घरात येनाऱ्या सुनेला पयल्या जेवनाला पिशवीतला मसाला? जेनिफरच्या आयशीसमोर? मंग माझ्या सासूनं मला काय शिकवलं?" आवाज फाटला होता तिचा. चोवीस वर्षांत मी तिला रडवेली प्रथमच पाहिली आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. बरं वाटायला हवं होतं.

म्हणजे तिला खराब वाढायचाही नव्हता. मग काय हवं होतं? मला हे गणित सुटत नाही.

१३ मे

प्रीतलला फोन केला, भांडायला. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, किती किलो आहे? माझ्या ग्रुपला देऊ शकते मी. इन्फ्यूज्ड स्पाइस म्हणून." मी तिला म्हटलं, घेऊन जा बाई, पोत्यासकट ने. मग ती हळूच म्हणाली, "आणि झोपेचं कसंय?"

झोप चार तास. कधी पाच. हे मान्य करताना दात ओठ खावे लागले.

१५ मे

नव्या मिरच्या. सेबेस्टियनने पहाटे जाऊन आणल्या, न सांगता. आता प्रश्न: संध्याकाळी ठेवायच्या कुठे? मोदक बंद केलाय, पण खोलीच्या भिंती आता जन्मभर फुलल्यात. दोन्ही घरांत. गॉडफ्रेकडे ब्रायनच्या खोलीला नवा रंग दिलाय, ऑइलपेंट. आमची कोठी म्हणजे बोंबील. मागची पडवी म्हणजे जाळी आणि डिझेल. चर्चच्या माळ्यावर धूप. शाळेच्या प्रयोगशाळेचा विचारही मनात येऊन गेला. अख्ख्या पाचूबंदरात दहा फूट जागा अशी नाही जिला स्वतःचं काही म्हणणं नाही. शेवटी धान्याचं पत्र्याचं पिंप घासूनपुसून उन्हात तापवलं, त्यात मिरच्या भरल्या आणि झाकण लावलं.

आणि झळा? डॉक्टरीणबाईंसाठी: आज आठ. मनगटाला काही लावलेलं नाही. लावायची हिंमत नाही.

१७ मे

भाजायचं उद्या. सरळ मटिल्डाकडे गेले आणि म्हटलं, "वहिनी, माझ्या नाकाचा भरवसा नाही. तुम्ही बसा चुलीशी, मी हाताखाली राबते. देठं मोडते, म्हणाल ते करते."

हे म्हणायला मला किती जड गेलं ते मलाच ठाऊक. चोवीस वर्षांनी एक पायरी चढले होते, ती स्वतःहून उतरत होते.

ती म्हणाली, "मी नाय बसनार."

"तुमच्या मुलाचं लग्न आहे!"

"ठाव हाय मला कोनाचं हाय ते. चुलीजवल मला नाय जमत."

"का नाही जमत? दोन वर्षं कसं जमलं?"

"ती दोन वरसं माझी मला ठाव!" ती एवढ्याने ओरडली की गॉडफ्रेच्या हातातला चहा हिंदकळला. मग ती उठली, मागच्या पडवीत गेली, मासळीच्या बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. तशीच उभी, पाठ आमच्याकडे. मान लाल, पोलकं ओलं. कितीतरी वेळ.

मी घरी आले. रक्तदाब असेल तिला. किंवा साखर. तपासून घ्या म्हणून सांगायला हवं, पण मी सांगितलं तर घेणार नाही.

सेबेस्टियन ओट्यावर होता. त्याने सगळं ऐकलं असणार, भिंतीतून वास जातो तसा आवाजही जातो. म्हणाला, "चूल किनाऱ्यावर मांडतो. पहाटे वारा असतो. पानी जवल." मी त्याच्याकडे पाहिलं. एका दमात आठ शब्द.

"वहिनी येणार नाहीत."

"येतील."

"कशावरून?"

"पानी जवल हाय," तो परत म्हणाला, जणू मला एकदा ऐकू आलं नव्हतं.

१८ मे

झालं. आधी निकाल लिहिते, म्हणजे जिवाला घोर नको. सदानंदने डंक थांबवून चिमूट हुंगली, सहा वेळा शिंकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "हा तुमच्या घरचा." त्याच्यामागे रांगेतल्या तिघी शिंकल्या. गॉडफ्रे शिंकला. सेबेस्टियन शिंकला आणि हसला. आम्हा दोघींना अजून वास नाही, पण शिंक आली.

आम्हा दोघींना. होय, ती आली.

साडेपाचला मी किनाऱ्यावर पोचले तर सेबेस्टियनने दगड मांडून दोन चुली केलेल्या. एक नव्हे, दोन. आणि दुसरीपाशी मटिल्डा, पदर खोचून, पाठ माझ्याकडे. तिने धणे घेतले, मी खसखस. होड्या परतत होत्या. त्यांतले पुरुष आमच्याकडे बघत आणि आम्ही बघितलं की पाण्याकडे बघत.

पहिली झळ मला. मी उलथनं ठेवून उठले आणि साडीसकट गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले. परत आले तर माझी खसखस मटिल्डा हलवत होती, डाव्या हाताने, आणि उजव्याने तिचे धणे. मी बसले. थोड्या वेळाने ती उठली.

"कुठे?"

"पाय धुवाया."

ती पाण्यात गेली. कमरेपर्यंत. पाय धुवायला. मी तिचे धणे सांभाळले. परत आली तेव्हा तोंड पांढरं, ओठ मिटलेले. मी तिला लवंगा दिल्या, त्यांना जाळ मंद लागतो.

नऊ वाजेपर्यंत मी पाच वेळा पाण्यात गेले. मटिल्डाला सात वेळा पाय धुवावे लागले. मी मोजत होते, कारण डॉक्टरीणबाईंनी मोजायची सवय लावलीय. पाचव्यांदा ती परतली तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, नळ बंद झाला होता ना?"

तिने कढईतून नजर काढली नाही. "तू मिरच्या बघ. करपल."

मग कढईशीच बोलल्यासारखी: "कामावर जानाऱ्या बायकांना सांगता येतं. डॉक्टर हाय, मैतरनी हायेत, वही हाय. माझ्या सासूनं कंदी तोंड उघडलं नाय. मी कोनाला सांगू, बर्फाला?"

वहीचं तिला कसं कळलं, हा निराळा प्रश्न. विचारायचा नाही असं ठरवलं.

"ते तेल बरं होतं का?" मी विचारलं.

"जरा गार वाटायचं." मग: "तुजी बाटली मी संपवली."

मी सेबेस्टियनवर आणि प्रीतलवर किती ओरडले ते आठवलं. लाज वाटायला हवी होती, पण त्याआधी राग आला. इतके दिवस ही बाई माझ्याच खोलीत माझ्याच पलंगावर बसून माझंच जळणं जळत होती, आणि मला वाटलं ती मिरच्या मोजतेय. आणि मी तिला विचारलं काय होतं? तुम्हाला काय उपयोग!

शेवटी मिरच्या. दोन्ही कढया, मंद जाळ, दोघी समोरासमोर, तोंडाला फडकी. वारा फिरला आणि धूर सरळ अंगावर आला. मटिल्डा माझ्याकडे बघत होती, माझ्या गळ्याकडे.

"ऊठ," ती म्हणाली. "जा पान्यात."

"मला काही होत नाहीये."

"व्हनार. आता. जा सांगते ना."

"वहिनी, मला कळत नाही का माझं—"

तिने माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं. मी चिडून उठले, पाण्यापर्यंत गेले, घोट्याला पाणी लागलं, आणि तेव्हा झळ आली.